रंग, वास, बोट

त्याला सगळे हुंग्या म्हणत. कारखान्यात म्हणत, गल्लीत म्हणत, आणि बायकोचं डोकं फिरलं की तीही म्हणे. हे नाव ठेवलं होतं ताईनं. लहानपणी हा पठ्ठ्या कुठलाही घास आधी नाकाशी नेई आणि मग तोंडात घाली. दूध असो, फळ असो, तापाची गोळी असो, आधी हुंगणार. ताई वैतागून ओरडे, "हुंग्या, गीळ आता! मी काय विष घालतेय तुला?" आई तो रांगत असतानाच गेली होती. न्हाऊमाखू घालणं, नाक पुसणं, चापट मारणं आणि मग जवळ घेणं, सगळं ताईच्याच वाट्याला आलं होतं. त्याच्यापायी तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, असं शेजारच्या बायका म्हणत. ताई म्हणे, "राहून नाही गेलं, मी राहू दिलं."

बाप खाटीक. खाली दुकान, वर दोन खोल्या. बोलायला महाकंजूष माणूस, पण धंद्याचं शिकवायची वेळ आली की त्याला वाचा फुटे. लाकडी ठोकळ्यावर मांसाचा तुकडा ठेवून तो पोराला सांगे, "याचे साक्षीदार तीन. रंग, वास आणि बोट. तिघांनी एकच सांगितलं तर सुरी चालव. एकानं जरी कां-कूं केलं, तर कुत्र्याला घाल." बोट म्हणजे बोटानं दाबून बघायचं. खळगा चटकन भरून आला तर माल ताजा, तसाच राहिला तर शिळा. आणि धडा संपताना एक वाक्य ठरलेलं असे: "मांस खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो खाटीक."

पोरानं हे असं मनावर घेतलं की मिसरूड फुटायच्या आत बापही त्याला विचारून माल घेऊ लागला. हुंग्या तुकड्यावर वाकायचा, डोळे मिटायचा, आणि हो की नाही ते सांगायचा. गल्ल्यावर बसलेली ताई गिऱ्हाइकांना म्हणायची, "आमच्याकडचं डोळे झाकून न्या. आमचं नाक घरचं आहे."

पुढे बाप गेला आणि मागोमाग दुकानही गेलं. लोकांना ठोकळ्यावर कापून दिलेलं नको झालं होतं, बंद पाकिटातलं हवं होतं. ती पाकिटं भरणारा कारखाना गावाच्या कडेला उभा राहिला आणि हुंग्या तिथं लागला. अंगात पांढरा डगला, डोक्याला जाळी, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. खिम्याचं मोठं यंत्र एका टोकाला घरघरे आणि दुसऱ्या टोकाला, पट्ट्यावरून ट्रे येत तिथं, हा उभा. काम एकच: बघायचं, हुंगायचं, दाबायचं. त्यानं हात वर केला की पट्टा थांबे. एकदा त्यानं भलं मोठं पातेलंभर खिमा अडवला. यंत्रावरच्या माणसानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण शेवटी त्यात आदल्या दिवसाची चरबी मिसळल्याचं निघालं. त्या दिवसापासून साहेबही त्याला बघून मान हलवायला लागले. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा त्याचा स्वभाव मुळातच होता. आता त्याला पगारी आधार मिळाला.

आता खिम्याचं दुखणं असं, की अख्खा तुकडा टिकतो तितका खिमा टिकत नाही. बारीक केल्यावर हवा सगळीकडून आत शिरते. लाल रंग तपकिरी पडतो, आणि चरबीला जुन्या तेलाच्या डब्यासारखा खवट वास येऊ लागतो. त्यावर इलाज म्हणून एक पांढरी पावडर घालत. पण लोक पाकिटावरचं बारीक छापलेलं वाचायला लागले आणि त्या पावडरीचं लांबलचक नाव दिसलं की नाक मुरडून पाकीट परत ठेवायला लागले. मग प्रयोगशाळेतल्या बाईंनी रोझमेरी नावाच्या विलायती झुडपाच्या पानांचा अर्क आणला.

बाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. अर्क काळपट हिरवा, इतका दाट की चमच्याला चिकटून राही. बाटलीचं बूच काढलं की अख्ख्या खोलीला ओल्या झाडीचा वास येई. "जास्त पडला तर खिमा झुडपासारखा लागतो आणि कमी पडला तर काही उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "प्रमाण तुमच्या नाकानं ठरवायचंय."

ते दिवस हुंग्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं मी बेधडक सांगतो. बाई झाकणबंद वाट्या मांडत, हा एकेक उघडून हुंगे. ह्यात खवटपणा आला, ह्यात नाही, ह्यात पान वर आलंय, ह्यात बरोबर बसलंय. बाई लिहून घेत. कधी दोघांचं वाजे, कधी जमे. शेवटी एक प्रमाण असं सापडलं की कितीतरी दिवसांचा खिमा आजच कापल्यासारखा लाल दिसे आणि खवटपणाचा मागमूस नसे. हुंग्या घरी येऊन बायकोला आणि ताईला सांगत सुटला, "आपला अर्क लागू पडला." बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "आपला म्हणजे? झाड तुम्ही लावलंत?" ताई हसून हसून खोकली.

पट्ट्यावर अर्क सुरू व्हायच्या दिवशी बाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. हुंग्या पहिल्या रांगेत होता. "नीट ऐका. हा अर्क चरबी जुनी होऊ देत नाही, रंग उडू देत नाही. जंतूंचं काम थांबवायला हा पुरा पडत नाही. ते काम थंडीचं. थंडी तुटली तर जंतू वाढणार, आणि माल मात्र ताजाच दिसेल. वास आला नाही म्हणजे चांगलं, हा हिशेब आता विसरायचा." हुंग्यानं मान डोलावली. नंतर डबा खाताना मात्र तो म्हणाला, "बाई हुशार आहेत, पण नाक पुस्तकात नसतं." सगळे हसले. यंत्रावरचा माणूस सगळ्यात मोठ्यानं हसला.

त्याच वर्षी ताईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग ती भयंकर औषधं सुरू झाली. केस गेले, ताकद गेली, तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणाले, "हिच्या अंगात आता लढायला शिपाई नाहीत. खाणं ताजं द्या, गरम द्या, नीट शिजवून द्या. शिळंपाकं अजिबात नको." हुंग्या छाती काढून म्हणाला, "ताजं म्हणजे काय ते मला सांगू नका, डॉक्टर. माझा जन्म त्यातच गेलाय." बाकीचं त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे.

ताई त्यांच्याकडेच राही, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. दिवसच्या दिवस ती नुसत्या पेजेवर काढी. पाण्यालाही लोखंडाची चव येते म्हणे. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. हुंग्या कामावरून आला की तिच्या कॉटच्या कडेला बसे आणि ती म्हणे, "काय रे, आज कुणाचं नाक कापून आलास?" तो काहीतरी रचून सांगे. एवढीच तिची करमणूक होती.

कारखान्यातून कामगारांना आठवड्याला खिम्याचं एक पाकीट मिळे. त्या आठवड्याचं पाकीट फ्रीजमध्ये पडून होतं, कारण ताईला काही जात नव्हतं आणि नवरा-बायकोला खाण्यात रस उरला नव्हता. फ्रीज जुना. दाराचं रबर सैल झालेलं. दार लागल्यासारखं वाटे, पण पुरतं लागत नसे. मोटर घरघरत होती, म्हणजे फ्रीज चालू आहे, असं सगळे धरून चालले होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ताईनं आपण होऊन मागितलं. "हुंग्या, खिमा करतोस का रे थोडा? मऊ. बाबा करायचे तसा."

हुंग्याचे डोळेच भरून आले. ताईनं काही मागितल्याला किती दिवस झाले होते! तो उठला तो थेट स्वयंपाकघरात. तिथं बायको पातेल्याकडे बघत उभी होती.

"दूध फाटलं," ती म्हणाली. "कालच आणलेलं. आणि ही पाण्याची बाटली बघा, गार लागतेय का तुम्हाला? फ्रीज गेलाय वाटतं."

"मेकॅनिकला बोलावू उद्या. पाकीट कुठाय?"

"अहो, पाकीटही त्यातच होतं ना! टाकून द्या ते. बाजारातून दुसरं आणा."

"बाजारातलं कुणी हुंगलंय?" हुंग्यानं पाकीट काढलं, कात्रीनं फोडलं, ताटलीत उपडं केलं. खिमा लालचुटूक होता. तो वाकला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. चरबीत खवटपणा नाही, आंबूसपणा नाही, मागे रोझमेरीची हलकी झुळूक, ती त्यानंच ठरवलेली. गोळा करून बोटानं दाबलं. खळगा भरून आला.

"बघ. तिन्ही साक्षीदार हो म्हणतायत."

"दूध नाही म्हणतंय," बायको म्हणाली.

"दुधाची आणि ह्याची बरोबरी करू नकोस. दूध नाजूक जात. ह्यात आपला अर्क आहे."

"विषाची परीक्षा कशाला बघायची? ताईंची तब्येत ही अशी."

आता मात्र त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ताटली त्यानं तिच्या तोंडापाशी नेली. "हुंग. हुंग आणि सांग काय वाईट आहे ते."

बायकोनं तोंड मागे घेतलं. "मला नाही कळत त्यातलं."

"मग गप्प बस की."

तिनं फाटलेल्या दुधाचं पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं.

बाईंचं बोलणं त्याला त्या वेळी आठवलं का? तो शपथेवर सांगतो की नाही आठवलं. मला वाटतं, आठवलं असणार. पण पुढच्या खोलीत ताई वाट बघत होती, आणि आयुष्यभर ज्या नाकानं भाकरी दिली त्यानं हो म्हटलं होतं. माणूस अशा वेळी कुणाचं ऐकतो हे सांगायला नको.

कोरडा खिमा ताईच्या घशात अडके. म्हणून त्यानं आच मंद ठेवली, वर झाकण घातलं, आणि दाणे घट्ट व्हायच्या आत भांडं खाली उतरवलं. मऊसूत झाला होता. वाटी घेऊन तो कॉटवर बसला आणि ताईला चमच्यानं भरवू लागला. लहानपणी ती त्याला भरवायची, तसंच.

दोन-तीन चमचे गेल्यावर ताई थांबली. "जरा वेगळं लागतंय का रे? जिभेला चावल्यासारखं?"

"औषधांनी जीभ गेलीय तुझी, ताई. परवा पाण्यालासुद्धा लोखंडाची चव येते म्हणालीस."

"ते खरं." तिनं चमच्याकडे बघितलं. "तू हुंगलंयस ना?"

"हुंगलंय."

"मग झालं," ताई म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं. वाटी चाटूनपुसून संपवली. भावानं केलं होतं म्हणून संपवली, भूक कुठली तिला. राहिलेलं त्यानं भांड्यातच खाल्लं. बायकोनं आपल्यासाठी दुसरं काहीतरी करून घेतलं. अर्धं पाकीट कच्चं उरलं होतं, ते झाकून पुन्हा त्याच फ्रीजमध्ये गेलं.

हुंग्याचं पोट एक दिवस बिघडलं. धडधाकट माणसाचं पोट, त्यानं निभावून नेलं. ताईला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हुडहुडी भरली, मग ताप चढला, मग उलट्या आणि जुलाब सुरू झाले ते थांबेनात. दुपारपर्यंत तिला दवाखान्यात न्यावं लागलं. उचलून जिन्यावरून खाली नेताना हुंग्याला तिचं वजनच लागलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

हुंग्यानं सांगितलं. काही लपवलं नाही, तेवढं त्याच्या पदरात घालायला हवं.

"उरलंय का त्यातलं? तपासायला हवं."

तो घरी आला. फ्रीज उघडायच्या आधी दारापाशी जरा उभा राहिला. त्याला वाटत होतं, आत ते काळं पडलेलं असू दे. हिरवट, बुळबुळीत, दार उघडताच ओकारी येईल असं असू दे. म्हणजे मग निदान म्हणता येईल की नंतर बिघडलं, मी हुंगलं तेव्हा चांगलं होतं. त्यानं दार उघडलं, झाकण काढलं. खिमा लाल होता. सवयीनं तो वाकला आणि त्यानं हुंगलं. रोझमेरी. बाकी काही नाही.

दवाखान्याच्या तपासणीच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिनं डबा उघडून आत बघितलं. "हे आजचं आणलंत का? ताजं दिसतंय."

"दिसतंय," हुंग्या म्हणाला.

ताई वरच्या मजल्यावर होती. ओठ सुकून फुटले होते, हाताला नळी लावलेली. बायको उशाशी बसून ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होती. हुंग्या आला तशी ताईनं डोळे उघडले. तिला बोलायला फार त्रास होत होता. तो वाकला, अगदी तिच्या तोंडाशी कान नेला.

"हुंग्या," ती म्हणाली, "तूही खाल्लंस ना रे? तुझं पोट बरंय ना?"

त्यानं मान डोलावली. ताई दुसऱ्या दिवशी गेली.

तपासणीचा कागद नंतर आला. खिमा जंतूंनी बुजबुजलेला होता. कारखान्यातल्या त्याच दिवसाच्या बाकीच्या पाकिटांत काही सापडलं नाही. माल तिथून निघाला तो चांगला निघाला होता, बिघडला होता तो घरात.

कामावर रुजू झाल्यावर हुंग्या आधी बाईंकडे गेला. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, अर्कात काही चूक झाली असेल का?" त्याला काय ऐकायचं होतं ते बाईंना कळलं असणार. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पदरानं पुसला.

"अर्कानं त्याचं काम केलं," त्या म्हणाल्या. "चोख केलं."

"तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. तुम्हाला वेगळं बोलावून सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला काय सांगायचं."

"हो," हुंग्या म्हणाला. "सगळ्यांना तसंच वाटायचं."

त्यानं पट्ट्यावरचं काम सोडायचा अर्ज दिला. साहेबांनी समजावून बघितलं, मग नाद सोडला. आता तो थंड खोल्यांवर असतो. तिथं हुंगायचं काही नसतं. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा बघायचा, आणि प्रत्येक दाराच्या रबरावरून बोट फिरवून कुठं फट पडलीय का ते बघायचं. तो ते इतकं मन लावून करतो की नवे लोक त्याला हसतात. एकच दार तो उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो. "हुंग्या" अशी हाक आली तर वळून बघत नाही. जुन्या लोकांनी म्हणायचं सोडून दिलंय. यंत्रावरचा माणूस आता त्याला भाऊ म्हणतो.

बाप म्हणायचा, मांस खोटं बोलत नाही. ते अजूनही खरंच आहे. फक्त ह्या खेपेला अर्कानं त्याचं तोंड बांधलेलं होतं, आणि गाठ किती घट्ट मारायची हे हुंग्यानंच हुंगून ठरवलं होतं. हे तो कुणाला सांगत नाही, पण मनात त्याच्याशिवाय दुसरं काही नसतं.

बायकोनं त्याला कधी "मी म्हटलं होतं" असं ऐकवलं नाही. एकदाही नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं. घरात नवा फ्रीज आला. ताईची कॉट खिडकीपाशी तशीच आहे, तिच्यावर बायको शिवायचे कपडे ठेवते.

परवाची गोष्ट. संध्याकाळी बायको पातेलं घेऊन आली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं तिनं ते त्याच्या नाकाखाली धरलं. "बघा हो, दूध बरंय का?" आणि म्हणता म्हणता ती दचकली. पातेलं मागे घ्यायलाही तिला सुचेना.

हुंग्यानं मान वळवली. "तूच बघ."

"मला नाही कळत त्यातलं," ती पुटपुटली. हेही सवयीनंच.

त्यानं तिच्याकडे बघितलं. "तुला कळलं होतं," तो म्हणाला.

मग त्यानं तिच्या हातातून पातेलं घेतलं, मोरीत जाऊन सगळं दूध ओतून टाकलं आणि वरून पाणी सोडलं.